चाळिसावा जोड

राप्या सकाळीच बांधून झाल्या होत्या. सान क्रिस्पिनो हा बूटवाल्यांचा संत, आणि त्याच्या सणाला मोंतेबेल्लूनात कुणी चामड्याला पातं लावत नाही. ब्रुनोरोंच्या घरात तर हा नियम चर्चच्या नियमांपेक्षा कडक. थोरला आल्विझे कारखान्यातल्या राप्या, आऱ्या, कात्र्या गोळा करायचा, लाल सुतळीनं त्यांची मोळी बांधायचा आणि संताच्या तसबिरीखाली, बापाच्या फोटोशेजारी ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठ सोडणार. तोवर कुणी हात लावला तर घरातलं एक माणूस जातं, असं आर्जिया सांगायची. सतरा साली कुणीतरी लावला होता म्हणे.

एल्दानं मक्याच्या पिठाचा पोलेंता लाकडी फळीवर उपडा केला आणि दोऱ्यानं त्याचे काप पाडायला घेतले. वाफ तोंडावर आली तरी तिनं मान मागे घेतली नाही. मान वर केली की जिल्दोचा पाय दिसत होता. धाकटा दीर, धरणावर कामाला असलेला, कालच इस्पितळातून आला होता. उजवा पाय स्टुलावर, पट्ट्यांत गुंडाळलेला, आणि त्या गुंडाळीचं टोक डाव्या पायापेक्षा आखूड. दोन बोटं गेली होती.

"बघू नकोस गं एवढं," जिल्दो म्हणाला. "वाढणार नाहीत ती परत."

"मी पोलेंताकडे बघत होते."

"मग मोठा काप दे. आता माझं वजन कमी झालंय."

कुणी हसलं नाही. आल्विझेनं खिशातून कागद काढला आणि ताटाशेजारी सपाट केला. तो कागद तीन दिवसांत इतक्या वेळा उघडला होता की घडीवर फाटायला आला होता.

"वाचू का पुन्हा?"

"वाच ना," आल्विझेची बायको क्लेलिया म्हणाली. "मिलानवालीला नीट ऐकू आलं नसेल."

बारा वर्षं झाली होती एल्दाला या घरात येऊन. बारा वर्षं ती मिलानवालीच होती. मिलानच्या टायर कारखान्यात तिनं सहा वर्षं रबर मळलं होतं, फिरत्या, तापलेल्या रुळांमध्ये हात घालून, आणि त्यातून तिला जे समजलं होतं ते या घरातल्या तीन पिढ्यांच्या बूटवाल्यांना माहीत नव्हतं. ते त्यांनी तिच्याकडून घेतलं आणि तिला मिलानवाली म्हणत राहिले.

"'आपण धरणाच्या कामासाठी चाचणीला दिलेल्या चाळीस जोडांपैकी एकोणचाळीस जोडांचे रबरी तळ पाच आठवड्यांच्या आत पुढच्या कडेनं सुटले,'" आल्विझे वाचत होता. "'पाणी आत जाऊन कामगारांचे पाय सुजले. एक कामगार सुटलेला तळ फळीत अडकून पडला आणि ढकलगाडी त्याच्या पायावरून गेली.' हा आपला. 'सबब चारशे जोडांची मागणी रद्द समजावी.'"

"आणि चाळिसावा?" एल्दानं विचारलं. तिन्ही दिवस ती हेच विचारत होती.

"चाळिसावा कुणी घातलाच नसेल. शहाणा असेल कुणीतरी."

टेबलाच्या टोकाला आर्जिया बसली होती. सासू. अडुसष्ट वर्षांची, काळ्या कपड्यांत, पाठ खुर्चीला न टेकवता. ती जिल्दोच्या ताटात आपल्या ताटातलं मटण घालत होती.

एल्दानं तीन दिवसांत सगळं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. गंधक कमी पडलं का? नाही, तिनं स्वतः तोललं होतं. साचा पुरेसा तापला नव्हता? मग तळ मऊ राहिले असते, सुटले नसते. सोल्यूशन लावताना चामडं दमट होतं? चाळीसच्या चाळीस? बूट डोळ्यांनी पाहायला मिळाले असते तर अर्ध्या मिनिटात समजलं असतं, पण बूट होते वर, डोंगरात, धरणावर. इकडे फक्त कागद आला होता आणि आखूड झालेला एक पाय.

तो तळ तिचा होता. कपडे धुवायच्या साबणाच्या वड्या कोरून तिनं पहिला नमुना केला होता, स्वयंपाकघरातल्या सुरीनं. खोबणी अशा की चिखल चालता चालता गळून पडावा. टाच वेगळी नाही, तळाशी एकजीव. आणि कडा वर वळवलेल्या, परातीच्या काठासारख्या, बोटभर उंच, म्हणजे शिवण पाण्याच्या वर राहणार. चामड्याला खिळे नाहीत, तळाला एकही भोक नाही. पाणी येणार कुठून? कागदपत्रांवर मात्र नाव नवऱ्याचं होतं, ओरेस्तेचं. बाईच्या नावावर बूट कोण घेतं, असं आल्विझे म्हणाला होता. बोटं गेली तेव्हा तो एकदम बाईचा तळ झाला.

"तर मग," आल्विझेनं रुमालानं तोंड पुसलं. "बाबा गेल्यापासून जसं करतो तसं. तीन भाऊ, तीन मतं. मी म्हणतो रबर बंद. परत खिळ्यांचे तळ. साचे ओतकामवाल्याला द्यायचे, वितळवून टाकील. चार वाजता त्याचा ट्रक येतोय."

"ट्रक बोलावलास पण?" एल्दा म्हणाली. "मतं अजून व्हायचीत."

"होतीलच की."

"त्याचा सण नाही आज," क्लेलिया म्हणाली. "ओतकामवाल्याला काय, त्याचा संत वेगळा."

एल्दानं दोरा फळीवर ठेवला. "साचे गेले तर पुन्हा होणार नाहीत. नमुना त्यातच आहे. आठ महिन्यांचं काम आहे ते."

"आणि माझ्या भावाची बोटं किती महिन्यांचं काम होती?" आल्विझे म्हणाला.

त्यानं तीन दिवस ते वाक्य जपून ठेवलं असणार.

"ओरेस्ते?"

ओरेस्ते, एल्दाचा नवरा, ताटातला रस्सा पावानं पुसत होता. ताट केव्हाच कोरडं झालं होतं. "आता... दादा म्हणतो त्यात तथ्य आहे. सध्या तरी. पुढे कधी बघता येईल."

"साचे वितळल्यावर काय बघणार आहेस?" एल्दा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तीन दिवस तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिला वाटलं होतं भावाच्या पायाचं दुःख आहे. या घरात सगळ्यांना एकमेकांबद्दल फार दुःख असे.

"जिल्दो?"

"मी दोन बोटं दिली आहेत," जिल्दो म्हणाला. "वर आणि मत कशाला? तुम्ही बघा." मग थोडं थांबून म्हणाला, "पण पहिले दहा दिवस ते बूट झकास होते, एवढं लिहून ठेवा कुठेतरी. बर्फाच्या पाण्यात उभं राहून मी मोजे वाळवले होते त्यात."

एल्दानं सासूकडे पाहिलं. मतं फुटली की शेवटचा शब्द आर्जियाचा असायचा. आज फुटली नव्हती. आर्जिया म्हणाली, "चेस्टनट काढ गं चुलीवरून, करपतील."

तेव्हा दारावर थाप पडली.

दारात प्रीमो दामेत्तो उभा होता. धरणावरचा मुकादम, कोर्नुदा गावचा, गळ्याभोवती कम्युनिस्टांचा लाल रुमाल. बाहेर सकाळपासून पाऊस होता आणि तो सायकलवरून आला होता, चिखलाच्या कच्च्या वाटेनं, गुडघ्यापर्यंत माखलेला. खांद्यावर पोतं.

"सणाच्या शुभेच्छा," तो म्हणाला. "बूटवाल्यांना. संतांशी आपलं काही नाही."

आर्जियाची पाठ आणखी ताठ झाली. "हा माणूस माझ्या घरात आला?"

"आजीबाई, मी तुमच्या पोराचे बूट आणलेत. इस्पितळात पडून होते. फेकणार होते ते." त्यानं पोतं जमिनीवर ठेवलं. "आणि दुसरं काम म्हणजे, माझ्या भावाला असाच एक जोड हवाय. माझ्यासारखा."

टेबलाभोवती कुणाला काही समजेना.

"कसला जोड?" आल्विझे म्हणाला.

"हा." प्रीमोनं एक पाय पुढे केला.

"ते सगळे फुटलेत," आल्विझेनं पत्रावर बोट आपटलं. "मालकानं लिहून दिलंय."

"मालकानं माझे बघितले नाहीत. मालक माझ्याकडे बघतच नाही." प्रीमोनं दाराजवळच्या बाकावर बसून नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि पाय वर धरला. जाड पांढऱ्या लोकरीचा मोजा. त्यावर गवताची काडी चिकटलेली, बहुतेक घरून निघतानाची. मोजा कोरडा होता. गुडघ्यापासून खाली घोट्यापर्यंत विजार भिजून काळी, आणि तिथून पुढे ठणठणीत कोरडा पाय.

"पाच आठवडे पाण्यात," तो म्हणाला. "रोज. माझ्या हाताखालच्या पोरांचे तळ जिभा बाहेर काढायला लागले तेव्हा मला वाटलं, माझेही जाणार. नाही गेले. हे कुणी केलंय त्याला म्हटलं बघून यावं."

"तिनं," जिल्दो म्हणाला आणि एल्दाकडे हात केला.

एल्दा तोवर जमिनीवर बसली होती. पोत्यातून जिल्दोचा उजवा बूट काढला. त्याचा पुढचा तळ लोंबत होता. एका हातात तो, दुसऱ्या हातात प्रीमोचा. एकच साचा, एकाच दिवसाचे, एकाच डब्यातलं रबर. तिनं आत लिहिलेले जोडांचे क्रमांकही पाहिले, बत्तीस आणि चाळीस. प्रीमोच्या तळाची कड अंगठ्यानं दाबली. टणक, परत उसळली. जिल्दोची दाबली. अंगठा रुतला.

तिनं बूट नाकाशी नेला. चिखल, रक्त, इस्पितळाचं औषध. आणि या सगळ्याच्या खाली, शिवणीच्या आत मुरलेला, तमालपत्राचा वास.

तो वास तिला ओळखीचा होता. चुलीमागच्या कोनाड्यातल्या पत्र्याच्या डब्याचा वास. शेळीची चरबी, मेण आणि तमालपत्र. घरातून जाणारा प्रत्येक बूट आर्जिया पहाटे स्वयंपाकघरात घेऊन बसायची, ती चरबी गरम करून शिवणीत बोटांनी जिरवायची आणि शेवटी पुढच्या कडेवर अंगठ्यानं क्रॉस काढायची. चामड्याच्या तळांना त्यानं पाणी लागत नसे. पस्तीस वर्षं ब्रुनोरोंचे बूट त्या चरबीवर विकले गेले होते.

आणि रबराला चरबी म्हणजे विष. मिलानमध्ये ही गोष्ट पहिल्या दिवशी शिकवत. तेलाचे हात घेऊन रुळाजवळ आलं तर मुकादम घरी पाठवायचा.

एल्दा उठली. "ओरेस्ते, जरा कारखान्यात ये."

"काय आहे?"

"ये."

कारखाना म्हणजे घराचाच मागचा भाग. बुटांचे लाकडी फर्मे ओळीनं टांगलेले, बाकांवर सणाची पांढरी चादर. तिन्ही साचे दाराशी आणून ठेवले होते, ट्रकसाठी. एल्दानं दार लोटलं.

"मार्चमध्ये मी तुला सांगितलं होतं. आईंना सांग, रबराच्या बुटांना चरबी लावायची नाही. तू म्हणालास, सांगतो. एप्रिलमध्ये विचारलं. म्हणालास, सांगितलं."

ओरेस्ते एका फर्म्याची धूळ पुसायला लागला.

"सांगितलं होतंस?"

"सांगणार होतो."

"सांगितलं होतंस का?"

"एल्दा, तुला माहितीये ती चरबी तिच्यासाठी काय आहे. तिचा भाऊ आन्झोलो... सतरा साली, लढाईवर, पुठ्ठ्याच्या तळांचे बूट, ओले पाय, ते सडले, तो गेला. तिच्या मांडीवर गेला. त्यानंतर तिनं हा डबा केला. मी कुठल्या तोंडानं सांगू की आई, आता नको?"

"मी पहाटेपासून कायेरानो गावी असायचे, तळ दाबायला भाड्यानं घेतलेल्या प्रेसवर. मला दिसलं नाही. तुला दिसत होतं."

तो फर्म्याची तीच जागा पुसत राहिला.

"पत्र आलं तेव्हा तुला समजलं." ती हे विचारत नव्हती. "तीन दिवस तुला माहीत आहे. मी रात्रंदिवस गंधकाचा हिशोब लावत बसले आणि तू शेजारी झोपत होतास."

"हळू बोल."

"का?"

"ती ऐकेल! अगं, जिल्दो तिचा धाकटा आहे. तिच्या हातानं... तिला हे समजलं तर ती मरेल." आता त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचे डोळे खरंच भरले होते. एल्दाला त्याचा सगळ्यात जास्त राग त्या क्षणी आला. "साचे काय, पुन्हा करता येतील. कधीतरी. तुझ्यावर आलंय ते जाईल विसरून. लोक विसरतात. तू बाहेरची आहेस, तुला तेवढं लागणार नाही."

"बाहेरची."

"मला तसं नव्हतं म्हणायचं."

"तुला तसंच म्हणायचं होतं. तुम्हा सगळ्यांना एक बाहेरचं माणूस लागतं घरात. नाहीतर ठेवणार कुठे हे सगळं?"

बाहेर हॉर्न वाजला. दोनदा. ओतकामवाल्याचा ट्रक चार वाजायच्या आधीच आला होता.

ती परत आली तेव्हा आल्विझे कोट चढवत होता. प्रीमो एका पायात बूट आणि एका पायात मोजा असा बाकावरच बसला होता आणि जिल्दोनं त्याला वाइनचा पेला दिला होता. आर्जिया दोघांकडे पाहत नव्हती.

"थांब, आल्विझे," एल्दा म्हणाली. "मुकादम, तुमचे हे बूट घरातून निघताना शेवटी कुणाच्या हातात होते?"

"माझ्याच. मी इथूनच घेतले ना, जिल्दोबरोबर. या स्वयंपाकघरातून."

"आणि आईंनी ते माखले?"

"त्याचे?" आर्जिया पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "त्याचे मी माखीन? तिथे, त्या चुलीपाशी उभा होता हा. मी क्रॉस काढत होते तर म्हणतो, आजीबाई, चरबीनं बूट चालतात, क्रॉसानं नाही. माझ्या घरात! म्हटलं, मग तुला दोन्ही नाही. जा तसाच. एकोणचाळीस माखले मी, चाळिसावा तसाच दिला."

ती हे अभिमानानं बोलली. आणि बोलून झाल्यावर तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

एल्दा अजूनही गप्प बसू शकत होती. ओरेस्ते तिच्या मागे, दारात, तेच मागत होता. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

"का विचारतेस?" आर्जिया म्हणाली.

"आई, हे तुम्हाला मार्चमध्ये तुमच्या मुलानं सांगायला हवं होतं. मी त्याला सांगितलं होतं. त्यानं सांगितलं नाही. चूक माझीही आहे, मी स्वतः यायला हवं होतं. पण लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तुमच्या डब्याचं नुसतं झाकण उघडलं होतं तर तुम्ही ईस्टरपर्यंत चाळीस दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

"काय सांगायला हवं होतं?"

"चरबी रबराला खाते."

"काय बोलतेयस तू!" क्लेलिया उठली. "स्वतःचं पाप म्हाताऱ्या बाईवर..."

"आजारी पोराच्या समोर," आल्विझे म्हणाला. "लाज आहे का? पुरावा काय?"

"कापून बघ. कडेला उभं कापलं की दिसेल. चरबी जिथवर गेली तिथवर रबर फुगलेलं असेल. मुकादमाच्या बुटात नसेल."

"कापून बघ म्हणे! आज?" आल्विझेनं तसबिरीखालच्या लाल मोळीकडे हात केला. त्याच्या आवाजात सुटका होती. "आज या घरात पातं निघत नाही. आणि उद्यापर्यंत ट्रक थांबत नाही."

"दादा," ओरेस्ते म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ती... ती म्हणते ते खरं आहे. मार्चमध्ये सांगितलं होतं तिनं मला."

एवढं बोलून तो दाराच्या चौकटीला टेकला. बारा वर्षांत त्यानं भावासमोर बायकोची बाजू घेतल्याची ही पहिली वेळ, आणि तीही सगळं सांगून झाल्यावर. एल्दानं मागे वळून पाहिलं नाही.

पुन्हा हॉर्न वाजला.

आर्जिया उठली. ती तसबिरीपाशी गेली. क्लेलियानं छातीवर क्रॉस केला. आर्जियानं मोळी उचलली, गाठ नखांनी सोडवायला पाहिली, सुटेना, तेव्हा तिनं सुतळी दातांत धरून ओढली. राप्या टेबलावर सांडल्या. त्यातली नवऱ्याची जुनी रापी तिनं निवडली, मूठ झिजलेली, पातं अर्ध्यावर आलेलं.

"आई, नको," आल्विझे म्हणाला. "आई, आज नको."

"सरक."

ती बाकावर बसली, जिल्दोचा बूट गुडघ्यांत दाबला आणि कापला. पस्तीस वर्षांत तिनं बूट फक्त माखले होते, असं सगळ्यांना वाटत होतं. पण रापी कशी धरतात हे तिला माहीत होतं. पातं कडेतून सरळ खाली गेलं, आवाज न करता, ताज्या चीजमधून जावं तसं. तिनं कापलेली बाजू उजेडाकडे फिरवली. आतलं रबर कडेकडेनं फुगून चिकट झालं होतं, दोन बोटं खोलवर, आणि त्याच्यापुढे काळं, घट्ट, धड. मधली रेघ कुणालाही दिसली असती.

मग तिनं तो काप नाकाशी नेला. बराच वेळ तिथेच धरला.

"आई," जिल्दो म्हणाला. "माझे दोनदा माखलेस ना तू?"

आर्जियानं बूट खाली घेतला.

"तीनदा," ती म्हणाली. "तू वर जाणार होतास. तिथे थंडी जास्त."

"म्हणजे जरा कमी लाड केले असतेस तर..." जिल्दो हसत बोलायला लागला होता. वाक्य अर्ध्यात आल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं हात लांब करून आईचा गुडघा धरला. तिनं तो हात काढला नाही, धरलाही नाही.

दारात ओतकामवाल्याचा ड्रायव्हर आला होता, टोपीवरून पाणी निथळत. "साचे कुठले उचलायचे? मला अंधाराच्या आत त्रेविझोला पोचायचंय."

आल्विझे आईकडे पाहायला लागला. क्लेलिया आल्विझेकडे. या घरात मतं तीन होती आणि आत्ता त्यातलं एकही बोलत नव्हतं.

"रिकामा जा," आर्जिया म्हणाली. "त्याला चेस्टनट दे कागदात बांधून, एल्दा. इतक्या लांब आला."

ड्रायव्हर गेला. आर्जिया तिथेच बसून राहिली, तळवे मांडीवर उताणे. तिच्या बोटांच्या टोकांना भेगा होत्या आणि त्या भेगा काळ्या, गुळगुळीत. चरबी मुरून मुरून झालेल्या.

"मग काय लावायचं?" तिनं विचारलं. एल्दाला. "रबराला."

"काही नाही, आई."

"काहीच नाही? बूट असाच सोडायचा, कोरडा? पोराला पाण्यात पाठवायचं आणि हातानं काहीच करायचं नाही?"

एल्दाला धीर द्यायचे चार शब्द सुचले. ते तिनं दिले नाहीत. या घरात तसे शब्द भरपूर होते.

"प्रत्येक जोड विहिरीच्या हौदात बुडवून ठेवायचा, एक दिवस," ती म्हणाली. "मग आत हात घालून बघायचं. बोटांना ओल लागली तर तो जोड जाणार नाही. कुणीतरी बघायला हवं. घाई न करणारं कुणीतरी. कायेरानोला माझ्याजवळ असं माणूस नाही."

आर्जिया वाकली आणि जमिनीवरचा प्रीमो दामेत्तोचा बूट उचलला. चिखलानं भरलेला, न माखलेला, बिनक्रॉसचा. प्रीमो काही बोलायला तोंड उघडत होता, तर जिल्दोनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं.

आर्जियानं बाही कोपरापर्यंत सारली आणि हात बुटात घातला. मनगटापर्यंत, मग आणखी पुढे, पार टोकापर्यंत, जिथे बोटं असतात तिथपर्यंत. ती तिथे चाचपत राहिली. शिवणीच्या आतून, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"कोरडा आहे," ती म्हणाली. शिवी द्यावी तशी म्हणाली. पण हात लगेच बाहेर काढला नाही.